नसलेलं पान वाचणारी मुलगी

आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट आणि व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधलेली सुतळी. सुतळीला कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि चिमट्यांना पुस्तकं. बेंबळीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावाच्या टोकाला ही दोन शिक्षकांची शाळा. हेडसर चौथी-पाचवी बघतात, मी पहिली ते तिसरी. वाचनालय माझ्याकडे आहे, कारण मी बदलून आले त्या दिवशी कपाटाची किल्ली कुणीतरी माझ्या हातात ठेवली आणि ती परत घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.

मी जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला मी धाराशिवच्या वेशीपासून स्कूटी मागे वळवलेली आहे, तीही एकदा नव्हे. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीच काळजी लागते. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या स्वभावाचा भाग किती आणि खरोखरच्या संकटाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर संकट खरं होतं.

शाळेला टीव्ही मिळाला तेव्हापासून आमच्या वाचनालयाला जरा बरे दिवस आले होते. टीव्हीसोबत एक पेनड्राइव्ह होता आणि त्यात गोष्टी वाचून दाखवणारे व्हिडिओ होते. पडद्यावर पुस्तकाचं पान यायचं, वर चित्र, खाली दोन-तीन ओळी. गोड आवाजाची एक बाई त्या ओळी वाचायची, आणि ती जो शब्द वाचेल तो पिवळा व्हायचा. पान संपलं की पान उलटल्याचा फर्रकन आवाज. त्यातली बरीचशी पुस्तकं आमच्या सुतळीवरही होती. मुलं व्हिडिओ बघायची, सुटली की व्हरांड्यात पळायची, तेच पुस्तक चिमट्यातून ओढून काढायची आणि मोठ्यानं वाचायला बसायची. पूर्वी ज्या पुस्तकांवर धूळ असायची त्यांचे कोपरे दुमडायला लागले. मला फार बरं वाटायचं. पुस्तकं फाटतील म्हणून जीव खालीवर व्हायचा, पण बरं वाटायचं.

या सगळ्यांत पुढे होती तिसरीतली एक मुलगी. तिच्या वडिलांची मेंढरं. दरवर्षी पावसाळ्यात मेंढरं आसपासच्या माळांवर असली की ती अधूनमधून शाळेत दिसायची आणि दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर मेंढरामागं खाली नदीकाठाला निघून जायची, ती पार उन्हाळा संपेपर्यंत. हजेरीवर नाव आणि बाकावर जागा रिकामी. यंदा मात्र वडिलांनी तिला जूनपासून गावात तिच्या आत्याकडे ठेवलं होतं. ‘दिवाळीपतूर बघू, काय शिकती ते,’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे दिवाळीनंतर ती शाळेत राहणार की कोकरं सांभाळणार, हे अजून ठरायचं होतं.

मला ती राहायला हवी होती. म्हणून मी एक काम केलं. शिंकणाऱ्या म्हशीची एक गोष्ट आहे, ती तिची सगळ्यात लाडकी. ते पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ती वाचत असताना मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. ओळीखालून बोट फिरवत, पानं उलटत, एकाही शब्दाला न अडखळता तिनं अख्खं पुस्तक वाचून काढलं. तो व्हिडिओ मी तिच्या वडिलांना पाठवला. तेव्हा त्यांचा कळप येरमाळ्याकडच्या माळावर होता. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

‘बाई, म्या समद्यास्नी दावला बघा. पोरगी पोथी वाचल्यागत खडाखडा वाचतीया की! तिची आई म्हणती, कोकरं कोण बघणार. पर म्या म्हणलं, वाचाय येतंय तर राहू दे बहिणीकडं. सुट्टी लागायच्या आधी येतो, सोताच्या कानानं ऐकतो, मग ठरवू.’

मी दिवसभर हवेत होते. हेडसरांना सांगितलं, घरी सांगितलं, स्कूटीवर एकटीच हसत होते.

दसरा झाला आणि गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. हे आमच्याकडे नवीन नाही. रब्बीच्या तयारीला विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपी जळते आणि नवी बसेपर्यंत गाव अंधारात. शाळेचा टीव्ही बंद पडला. मी म्हटलं, बरंच झालं, आता नुसती पुस्तकं. मुलांना व्हरांड्यात बसवलं आणि त्या मुलीला सांगितलं, तू वाच, बाकीच्यांनी ऐका.

तिनं म्हशीचं पुस्तक घेतलं. मी तिच्या मागे उभी होते. त्या पुस्तकाची पिन ढिली होऊन मधलं एक पान सुटलं होतं. हरवू नये म्हणून मी ते काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं, चिकटपट्टीनं चिकटवायचं राहिलं होतं. त्या पानावर म्हैस डॉक्टरांकडे जाते, शिंकते आणि डॉक्टरांची टोपी उडून विहिरीत पडते. पुढच्या पानावर टोपीत बसलेले बेडूक. मुलगी वाचत वाचत तिथपर्यंत आली आणि मला वाटलं, आता गोंधळेल. ती गोंधळली नाही. समोर बेडकांचं पान उघडं होतं, बोट बेडकांच्या ओळीखालून चाललं होतं, आणि तोंडानं ती डॉक्टर, शिंक, टोपी सगळं नीट वाचत होती. ते झाल्यावर ती जरा थांबली, जणू पान उलटल्याचा आवाज ऐकतेय, आणि त्याच पानावर पुन्हा बोट ठेवून तिनं बेडूक वाचले.



मुलं टोपीतल्या बेडकांना हसत होती. मी कपाटातून एक नवं पुस्तक काढलं, नुकत्याच आलेल्या खोक्यातलं, जे कुणीच बघितलेलं नव्हतं. कोंबडी एसटीनं प्रवास करते अशी गोष्ट. पहिलं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं चित्राकडे बघितलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली, ‘एक होती कोंबडी. तिला तुळजापूरला जायचं होतं. तिनं नवी साडी नेसली.’ पानावर छापलं होतं, कोंबडी बसमध्ये बसली. तुळजापूर नव्हतं, साडी नव्हती. छापलेल्यापेक्षा तिचीच गोष्ट चांगली होती. एरवी मी कौतुक केलं असतं, त्या वेळी मला नुसती भीती वाटली.

‘हे असंच लिहिलंय का गं?’

‘व्हय.’

‘कुठं लिहिलंय?’

तिनं अख्खा पंजा पानावर ठेवला. ‘हितं.’

मुलांना खेळायला सोडून मी तिला एकटीला जवळ घेतलं आणि एकेक अक्षर विचारलं. तिच्या स्वतःच्या नावातली अक्षरं तिला येत होती, आणि आणखी थोडी. फळ्यावरचं ती मोत्यासारखं उतरवून घ्यायची, पहिल्या रांगेत बसायची, प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी हात वर. माझ्या लक्षात यायला तिनं जागाच ठेवली नव्हती. आणि तिच्या मनात फसवाफसवी अजिबात नव्हती, हे मला सगळ्यात जास्त टोचत होतं. तिच्या मते ती वाचतच होती.

त्या संध्याकाळी मला तिच्या मनातलं कोडं थोडंफार उलगडलं. तिच्या आत्याचं घर मारुतीच्या देवळाला लागून आहे. श्रावणात तिथं पोथी लागते. पोथी वाचणाऱ्या आजोबांना मोतीबिंदू आहे, चष्मा ते घरीच विसरतात. पोथी समोर उघडी असते, ते वेळेवर पानही उलटतात, पण नजर असते ऐकणाऱ्यांवर. या श्रावणात मीही एकदा तिथं बसले होते आणि भक्तिभावानं मान डोलवून आले होते. गावात वाचन म्हणजे हेच. पुस्तक उघडायचं आणि अडखळायचं नाही. जो अडखळतो त्याला वाचता येत नाही, असा साधा हिशोब. त्यात माझ्या टीव्हीनं भर घातली होती.

पण कळून उपयोग काय? वडील सुट्टीच्या आधी येणार होते. मी फोन हातात घ्यायची, त्यांचा नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. सांगू काय? तुमच्या मुलीला वाचता येत नाही, मीच चुकीचा व्हिडिओ पाठवला, तरी तिला ठेवा? ते म्हणतील, मग कशाला ठेवू? आणि त्यांचं काय चुकलं असतं?

हेडसर माझ्याइतके घाबरणारे नाहीत. ते मूळचे मुरुमकडचे, बाजारपेठेच्या गावातले, त्यांना प्रत्येक गोष्टीवर तोडगा सुचतो. माझी सगळी हकिकत ऐकून त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

‘बाई, तुम्ही लई काळजी करता. म्हशीचं पुस्तक द्या की तिच्या हातात. बाप खूश, पोरगी शाळेत. मग शिकवा निवांत वर्षभर.’

‘म्हणजे फसवायचं?’

‘यात कसली फसवणूक? पुस्तक तिच्या हातात असल, तोंड तिचंच असल. आपण काय बोलणार हाव का?’

माझं डोकं फिरलं. मी त्यांना बरंच काही बोलले, ते इथं लिहीत नाही. नंतर त्यांची माफीही मागितली, तीही अर्धवटच. खरं सांगायचं तर त्यांचा तोडगा मला पटत होता आणि म्हणूनच मी चिडले होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायला लागले. क, ब, स, मग कमळ, बदक, मग काना, मग वेलांटी. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते, मळणीयंत्राचा धुरळा शाळेपर्यंत यायचा, आम्हा दोघींचे डोळे लाल. तिला यातलं काहीच आवडत नव्हतं. जी मुलगी पुस्तकासाठी पळत यायची, ती आता दप्तर मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसायची. ‘बाई, ही बाराखडी हाय, हे वाचन न्हाय,’ असं तिनं मला स्पष्ट सांगितलं. तिला जे येत होतं ते मी काढून घेत होते आणि त्या बदल्यात काय देत होते, तर तुटकी अक्षरं.

एक दिवस ती आलीच नाही. मला वाटलं, संपलं, वडील आधीच येऊन घेऊन गेले. मी मधल्या सुट्टीत तशीच उन्हात तिच्या आत्याच्या घरी गेले. मुलगी मागच्या अंगणात शेळीला पाला घालत होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

‘बाई, आधी मला येत व्हतं. तुमी शिकवाय लागल्यापास्नं येईना.’

मी तिच्याजवळ बसले आणि शेळीला पाला घालू लागले. आत्या चहा करते म्हणाली. मी नको म्हणाले.

पण ती दुसऱ्या दिवशी आली. का आली ते मी विचारलं नाही, विचारलं तर पुन्हा जाईल या भीतीनं. आणि त्यानंतर लवकरच एक दिवस शाळेच्या टाकीपाशी पाणी प्यायला गेलेली ती तिथंच उभी राहिली. टाकीवर निळ्या रंगात ‘पाणी’ असं लिहिलेलं आहे. ते तिच्या पहिलीपासून तिथं होतं. ती म्हणाली, ‘पा... णी.’ मग तिनं टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. खरंच पाणी होतं. झाकण ठेवून ती माझ्याकडे पळत आली. मला रडू आलं. त्याच वेळी मनात हिशोब चालू होता की सुट्टीला किती दिवस उरले आणि एवढ्यात कितीसं होणार.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वडील आले. उंच, उन्हानं रापलेला माणूस, आवाज मात्र अगदी हळू. खुर्ची दिली तर तिच्या कडेवर टेकले. मुलगी समोर सतरंजीवर. डीपी बसली नव्हती, टीव्ही तसाच फडक्याखाली. मला वाटलं होतं ते आल्या आल्या ऐकव म्हणतील. त्यांनी आधी खिशातून मोबाइल काढला आणि मी पाठवलेला व्हिडिओ लावला. मुलगी खडाखडा म्हशीची गोष्ट वाचत होती. शेवटपर्यंत त्यांनी तो बघितला, जणू पहिल्यांदाच बघताहेत, मग मोबाइल मांडीवर ठेवून म्हणाले, ‘हां. आता हितं वाच.’

कुठलं पुस्तक द्यायचं हे मी रात्रभर ठरवत होते आणि काहीच ठरलं नव्हतं. म्हशीचं द्यावं असं अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, ‘तुला हवं ते घे.’ पळवाटच होती ती. मला वाटलं, ती तेच घेईल, आणि माझ्यावर काही येणार नाही.

तिनं व्हरांड्यातल्या सुतळीवरून कोंबडीचं पुस्तक काढून आणलं. का, ते मला लगेच कळलं. जे तिला आता खरोखर येत होतं ते तिला वडिलांना दाखवायचं होतं.

‘कों... ब... डी. कोंबडी. ब... स... बस...’ पुढे त्याला जोडून ‘मध्ये’ होतं. तिथं ती थांबली. ‘म... म...’ बोट हलेना. कपाळावर घाम. मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसले होते. ‘म... ध...’ तिनं ते तसंच सोडून दिलं आणि पुढचा शब्द घेतला. ‘ब... स... ली. बसली.’ एवढं एक वाक्य. दारातून एक कुत्रं आत येऊन परत गेलं तरी ते संपलं नव्हतं.

मला वाटत होतं, उठून तिला उचलून घ्यावं. तिच्या वडिलांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

‘बाई, ही इसरली की.’

‘नाही दादा, विसरली नाही. आधीचं तिला पाठ होतं. टीव्हीवर ऐकून ऐकून पाठ झालं होतं. हे आत्ता वाचलं ना, हे खरं वाचन. ही पहिल्यांदा वाचतेय.’

ते माझं ऐकत होते, मानही हलवत होते. त्यांनी पुन्हा मोबाइलकडे बघितलं. ‘तुमी म्हणताव ते खरं असल, बाई. म्या काय शिकल्याला न्हाय. पर तवा तर कशी वाचत व्हती, तुमीच धाडला की व्हिडिओ. आन् आता एक ओळ येईना. ऱ्हाऊन येतंय ते बी जात असल तर कशाला ठिवायची? तिची आई एकली हाय तिकडं.’

मी पुन्हा सांगितलं. अक्षरं कशी, शब्द कसे, पुढे वेग कसा येईल. माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. मी खरं बोलत होते आणि ते शेंबड्या पोरानं मारलेल्या थापेसारखं ऐकू येत होतं. हेडसर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते बाहेर गेले.

मुलगी आधी वडिलांकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे. ती उठून व्हरांड्यात गेली. कोंबडीचं पुस्तक तिनं नीट चिमट्यात अडकवलं. म्हशीचं काढलं, येऊन बसली, पुस्तक उघडलं आणि सुरू झाली. वर्गाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, थेट पोथीच्या चालीवर. पान वेळेवर उलटत होतं. बोट ओळीखालून चालत होतं. सुटलेलं पान अजून माझ्या खणातच होतं, तरी डॉक्टर आले, शिंक आली, टोपी उडाली. एकदाही तिनं पुस्तकाकडे बघितलं नाही. तिची नजर वडिलांच्या तोंडावर होती, तिथं काय उमटतंय ते ती बघत होती.

टोपीतले बेडूक आल्यावर ते मोठ्यानं हसले.

‘येतंय की! मघाशी भ्याली व्हती, दुसरं काय.’ त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला हात जोडले. ‘बाई, ठिवतो हिला. तिच्या आईला सांगतो म्या. लक्ष असू द्या तुमचं.’

तेव्हा मी बोलायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. मी ‘हो’ म्हणाले. ते गेले, आणि फाटकापर्यंत त्यांच्या हातातल्या मोबाइलवर म्हशीची गोष्ट पुन्हा लागलेली मला ऐकू येत होती.

वर्गात आम्ही दोघीच राहिलो. तिला रागवावं, की शाबासकी द्यावी, की जवळ घ्यावं, मला काही कळेना. ती दाराबाहेर सुतळीपाशी जाऊन कोंबडीचं पुस्तक परत काढत होती. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, ‘बाई, आबाला हळू वाचल्यालं वाचन वाटत न्हाय. तुमी त्यांला पुन्हा सांगू नगा. मी शिकते की तवर.’

‘नाही सांगत,’ मी म्हणाले.

पावसाच्या तोंडाला ते परत येतील आणि पुन्हा तसेच खुर्चीच्या कडेवर टेकून ऐकतील. इतकी वर्षं मी मुलांना शिकवतेय, पण अजून कुणी आपलं गुपित माझ्याकडे सांभाळायला दिलं नव्हतं. ते उघड व्हायच्या आत तिला वाचता यायला हवं, ही काळजी त्या दिवशी माझ्यामागे लागली आणि ती रोज सकाळी माझ्याबरोबर शाळेत येते.